आधी शनिवार की आधी मंगळवार?

मागच्या अंकात विचारलं होतं की ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर आणि अपडेट ठरल्या वेळी, परत परत, आपोआप जावेत म्हणून तुम्ही काय करता आणि घोडं कुठं अडतं ते कळवा. मला वाटलं चार-दोन जण लिहितील, पण सांगली मिरज कुपवाडपासून पार जतपर्यंतनं इतकी पत्रं आली की निवडताना नाकी नऊ आले. संस्थांची नावं मुद्दाम काढलीत, उगाच कुणाच्या साहेबांनी वाचून कुणाला केबिनमधे बोलवायला नको.

प्रश्न : सर, आमची सहकारी बँक आहे, हेड ऑफिस सांगलीत आणि शाखा तासगाव, विटा, जत, आटपाडी अशा, सगळे मिळून ११० कॉम्प्युटर. दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते म्हणून मी विंडोजचे अपडेट डब्ल्यूससवरनं (सगळ्या मशीनना अपडेट वाटायची मायक्रोसॉफ्टची सोय) दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ११ ला लावून ठेवलेत. तरी ऑडिटला आलेले साहेब म्हणाले तुमच्या मशीनवर मागच्याच महिन्याचे पॅच आहेत. शिवाय सोमवारी सकाळी शाखांचे फोन सुरू होतात की मशीन हलेना, काउंटरवर लाइन लागलीय. शेड्युल तर बरोबर दिसतंय, मग चुकतंय कुठं? (वाचक, विश्रामबाग)

उत्तर : तुमच्या शेड्युलमधे तीन गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालतायत, आणि गंमत अशी की एकेक सुटी बघितली तर तिन्ही बरोबरच वाटतात.

पहिली म्हणजे कॅलेंडर. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे सिक्युरिटी पॅच, म्हणजे विंडोजमधली भोकं बुजवणारे अपडेट, दुसऱ्या मंगळवारी येतात, ही पद्धत ऑक्टोबर २००३ पासनं चालत आलीय, लोक त्याला पॅच ट्यूसडे म्हणतात. तिकडं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे १० वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेदहा, त्यांच्या थंडीत साडेअकरा, म्हणजे आपल्या हाताला ते बुधवारीच लागतात. आता बँकेची सुट्टी दुसऱ्या शनिवारी, १ सप्टेंबर २०१५ पासनं. दोन्हीकडं 'दुसरा' आहे म्हटल्यावर आपण धरूनच चालतो की आधी मंगळवार आणि मग त्याच आठवड्यातला शनिवार. तसं काही नसतं. महिन्याची १ तारीख बुधवार, गुरुवार, शुक्रवार किंवा शनिवारी आली की दुसरा शनिवार हा दुसऱ्या मंगळवारच्या तीन दिवस आधीच येऊन जातो. भिंतीवरचं २०२६ चं कॅलेंडर काढून बघा, जानेवारी, एप्रिल, मे, जुलै, ऑगस्ट आणि ऑक्टोबर, वर्षातले सहा महिने असेच आहेत. जानेवारीत शनिवार १० ला आणि पॅच १३ ला. तुमचं शेड्युल १० तारखेला इमानदारीत चाललं असणार पण त्याच्या झोळीत डिसेंबरचंच सामान होतं, आणि जानेवारीतली भोकं बुजायला डायरेक्ट १४ फेब्रुवारी उजाडली, म्हणजे ३२ दिवस. ऑडिटवाले साहेब खोटं बोलत नाहीत.

दुसरी गोष्ट अजून साधी. बँक बंद म्हणजे मशीनही बंद, शाखेत तर शिपाई जाताना बोर्डाचं बटणसुद्धा बंद करून जातो आणि त्याचं बरोबरच आहे. शनिवारी ११ ला चालू मशीनच नसेल तर काम कोण करणार? ते राहिलेलं काम मशीनला सोमवारी चालू केल्या केल्या आठवतं, आणि मग पेन्शनवाली मंडळी पासबुक घेऊन उभी आणि मशीन आपलं अपडेटमधे गुंग. सोमवारच्या फोनांचं मूळ इथं आहे.

तिसरी गोष्ट, डब्ल्यूसस हे मशीनला हाक मारत नाही, मशीनच त्याच्याकडं विचारायला येतं, आणि तेही काही बदललं नसेल तर साधारण २२ तासांनी एकदा. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी डब्ल्यूससमधे अपडेट अप्रूव्ह केलं आणि मशीननं त्याच दिवशी दुपारी विचारून झालेलं असलं तर शनिवारी सकाळी त्याला नवीन काही आलंय याचा पत्ताच नसतो. म्हणून अप्रूव्हल आणि इन्स्टॉलची वेळ यात निदान दोन कामाचे दिवस तरी सोडा. डेडलाइन देत असाल तर तारीख दोनदा बघून द्या, चुकून मागची पडली तर मशीन विचारायला आलं की लगेच इन्स्टॉल सुरू होतं, भर दुपारी.

मग करायचं काय, तर शनिवार सोडून द्या. सुट्टीचा दिवस मोकळा असतो हे माणसांच्या बाबतीत खरं, कॉम्प्युटरच्या बाबतीत कामाच्या दिवसाची संध्याकाळ मोकळी असते, कारण मशीन चालू असतं आणि माणूस निघालेला असतो. मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं: पॅच आल्यावर गुरुवारी हेड ऑफिसातली पाच-सहा मशीन, त्यात एक तरी कॅशियरचं आणि एक तरी पासबुक प्रिंटर जोडलेलं हवं, नुसती आयटीवाल्यांची नकोत, आपल्या मशीनवर सगळंच नीट चालतं हा आपला जुना रोग आहे. मग आठवडाभर थांबून पुढच्या शुक्रवारी डे एंड झाल्यावर सगळ्या शाखा, आणि त्या एका शुक्रवारी मशीन बंद न करता नुसतं लॉगआउट करायचं असं शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं.

आता हा 'पुढचा शुक्रवार' शेड्युलमधे घालणार कसा, कारण तो कधी तिसरा असतो कधी चौथा. कॉन्फिगरेशन मॅनेजर (सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर पाठवायचं मायक्रोसॉफ्टचं मोठं टूल) असेल तर दुसऱ्या मंगळवारपासनं इतके दिवस सोडून असं सांगायची सोय आहे. नसेल तर एक साधी युक्ती सांगतो, काम दर शुक्रवारी लावा आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत आजची तारीख बघा, १८ ते २४ च्या मधली असेल तर पुढं जा नाहीतर गप परत फिर. दुसरा मंगळवार ८ ते १४ च्या मधेच पडतो, त्यात दहा दिवस मिळवले की १८ ते २४, आणि सात दिवसांत शुक्रवार एकच येतो, त्यामुळं चुकायचा प्रश्नच नाही. चौथा शनिवार धरला तरी पॅच नेहमी आधीच आलेला असतो, ११ किंवा १८ दिवस आधी, पण तिथं परत बंद मशीनचं रडगाणं आलंच.

जत आटपाडीच्या शाखांना लाइन बारीक असेल तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करा, एका मशीननं उतरवलेलं शेजारच्या मशीनला मिळतं, त्यासाठी आतल्या फायरवॉलमधे ७६८० नंबरचा पोर्ट मोकळा लागतो. फक्त एक बघा, सगळ्या शाखांचं इंटरनेट हेड ऑफिसातनं एकाच पत्त्यावरनं बाहेर पडत असेल तर साध्या सेटिंगला जतचं मशीन आणि सांगलीचं मशीन शेजारी-शेजारी वाटतात आणि ते त्याच बारीक लाइनवरनं एकमेकांकडनं ओढत बसतात. शाखेगणिक वेगळा ग्रुप करून दिला की हे थांबतं.

प्रश्न : दादा, कुपवाड एमआयडीसीत कंपनीत आहे, ८० मशीन. आधीच्या माणसानं कॉन्फिगरेशन मॅनेजरमधे पीडीएफ बघायचं सॉफ्टवेअर दर सोमवारी ११ ला लावून ठेवलंय. ते दर सोमवारी परत परत इन्स्टॉल होतंय, उघडलेल्या फायली बंद होतायत आणि डिझाइनवाले माझ्या अंगावर येतायत. बंद केलं तर नवीन आलेल्या मशीनला सॉफ्टवेअर जातच नाही. इकडं आड तिकडं विहीर झालंय. (वाचक, कुपवाड)

उत्तर : हसू नका पण हेच मी स्वतः केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी एक प्रिंटर ड्रायव्हर असाच दर आठवड्याला लावला, कारण नवीन मशीन येत राहायची आणि मला प्रत्येक वेळी जायचा कंटाळा. झालं असं की दर बुधवारी दुपारी जुन्या सगळ्या मशीनवर ड्रायव्हर निघून परत बसायचा आणि डिफॉल्ट प्रिंटर बदलायचा, आणि गेटपास अकाउंट्सच्या खोलीत छापून निघायचे. दीड महिना मी प्रिंटरला शिव्या घालत होतो. शेवटी तिथल्या एका शिपायानं सांगितलं की साहेब हे बुधवारीच होतंय, तेव्हा ट्यूब पेटली.

चूक काय होती, तर 'दर आठवड्याला बघ' आणि 'दर आठवड्याला इन्स्टॉल कर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी पहिलीच्या नावाखाली दुसरी लावली होती. तुमच्याकडं ते पॅकेज म्हणून लावलंय बहुतेक. पॅकेजच्या डिप्लॉयमेंटला परत चालवण्याबद्दल चार पर्याय असतात: नेहमी परत चालव, कधीच नको, आधी फेल झालं असेल तरच, आणि आधी यशस्वी झालं असेल तर. तुमच्याकडं 'नेहमी' निवडलेलं असणार. ते 'फेल झालं असेल तरच' वर आणा, शेड्युल आहे तसं राहू द्या. नवीन मशीनवर ते कधी चाललेलंच नसतं म्हणून तिथं जातं, जुन्याला हात लागत नाही, आणि ज्याचं अर्धवट राहिलंय त्याला पुढच्या सोमवारी परत संधी मिळते. एवढ्यानं डिझाइनवाले शांत होतील.

पण खरं औषध म्हणजे ते पॅकेज सोडून ॲप्लिकेशन म्हणून करायचं. तिथं असं आठवड्याचं शेड्युल नसतंच मुळी, मशीन स्वतःच बघतं की हे सॉफ्टवेअर माझ्यावर आहे का, नसेल तर घालतं, आणि ही तपासणी डिफॉल्टला दर ७ दिवसांनी होते. कुणी काढून टाकलं तरी परत येतं. मात्र 'आहे का' हे कशावरनं ठरवायचं ते नीट लिहा. बरेच जण तिथं व्हर्जन बरोबर इतकंच असा नियम घालतात, मग ते सॉफ्टवेअर आपलं आपण वरच्या व्हर्जनला गेलं की मशीन म्हणतं माझ्याकडं नाहीच, आणि जुनं घालायला बघतं, ते नवीन बघून नकार देतं, एरर १६३८, आणि आठवड्यानं पहिले पाढे पंचावन्न. 'इतकं किंवा याच्या वरचं' असं लिहा.

एरर म्हटल्यावर आठवलं, सगळे आकडे वाईट नसतात. ३०१० म्हणजे काम झालंय फक्त रीस्टार्ट पाहिजे, याला रिपोर्टमधे फेल धरू नका, मी धरायचो आणि उगाच लोकांच्या टेबलाशी जायचो. १६१८ म्हणजे त्याच वेळी दुसरं काहीतरी इन्स्टॉल चालू होतं, थोड्या वेळानं परत केलं की होतं, आणि हा आकडा फार दिसायला लागला तर समजा तुम्ही दोन शेड्युल एकाच वेळेवर ठेवलीत. १६०३ आला तर मात्र बसून लॉग वाचावा लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो कारण पुढं हेच विचारणार आहात. सोमवार ११ च्या ऐवजी जेवणाच्या सुट्टीत एक तासाची मेंटेनन्स विंडो, म्हणजे इन्स्टॉल करायला ठरवून दिलेली वेळ, देऊन बघाल, आणि काहीच चालणार नाही, एररही येणार नाही. ॲप्लिकेशनला जास्तीत जास्त किती वेळ लागेल याचा आकडा डिफॉल्टला १२० मिनिटं असतो, आणि ६० मिनिटांच्या विंडोत १२० मिनिटांचं काम मावत नाही म्हणून ते बिचारं वाट बघत बसतं. इन्स्टॉलला खरे दहाच मिनिटं लागत असतील तर तो आकडा कमी करा.

प्रश्न : बॅच फाइल हातानं चालवली की सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं, तीच टास्क शेड्युलरला लावली की होत नाही, वर तिथं दाखवतं की काम यशस्वी. इन्स्टॉलरची फाइल झेड ड्राइव्हवर आहे. (वाचक, विटा)

उत्तर : उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. झेड ड्राइव्ह तुमचा आहे, तुम्ही लॉगिन केल्यावर जोडला जाणारा. शेड्युल तुम्ही बहुतेक विंडोजच्या स्वतःच्या सिस्टीम खात्यातनं लावलंय आणि त्याला तुमचा झेड दिसतच नाही. सर्व्हरचं नाव आणि शेअरचं (वाटून दिलेल्या फोल्डरचं) नाव असा पूर्ण पत्ता लिहा, आणि त्या शेअरवर माणसांना नव्हे तर डोमेनमधल्या (ऑफिसच्या नेटवर्कात नोंदलेल्या) कॉम्प्युटरांना वाचायची परवानगी द्या, कारण नेटवर्कवर सिस्टीम खातं कॉम्प्युटरच्याच नावानं जातं. आणि इन्स्टॉलरला सायलेंट चालायचा स्विच दिलाय ना ते बघा, नाहीतर तो कुणाला न दिसणाऱ्या पडद्यावर 'नेक्स्ट' दाबायची वाट बघत बसतो, टास्क 'रनिंग' दाखवत राहतं, आणि डिफॉल्टला तीन दिवसांनी शेड्युलर कंटाळून त्याला मारतो.

'यशस्वी' का दाखवतं तेही ऐका, बॅच फाइलच्या शेवटच्या ओळीचा निकाल तेवढा शेड्युलरला कळतो. तुमची शेवटची ओळ लॉगमधे तारीख लिहायची असेल, आणि ती तर कधीच फेल जात नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. इन्स्टॉलचा निकाल तिथल्या तिथं धरून ठेवा आणि शेवटी तोच बाहेर द्या. उलटंही होतं, रोबोकॉपी या कॉपी करायच्या कमांडनं फायली नीट कॉपी केल्या तरी तो १ देतो आणि शेड्युलरमधे ते शून्य नाही म्हणून लोक घाबरतात. त्याचे ८ च्या खालचे आकडे चांगलेच असतात.

प्रश्न : साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहे. हंगामात वजनकाट्याचं मशीन पहाटे ३ ला आपोआप रीस्टार्ट झालं, ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर गेली, ड्रायव्हर लोकांनी रात्रपाळीच्या क्लार्कला नको नको ते ऐकवलं. आता साहेब म्हणतायत काट्याच्या मशीनचे अपडेटच कायमचे बंद करा. करू का? (वाचक, वाळवा तालुका)

उत्तर : साहेबांचा राग रास्त आहे, काटा थांबला की गव्हाण (ऊस आत टाकायची जागा) थांबते आणि गव्हाण थांबली की सगळा कारखाना तुमच्याकडं बघतो. पण कायमचं बंद करू नका. काट्यावरचं मशीन म्हणजे शेतकऱ्याच्या उसाचं वजन आणि बिल जिथनं सुरू होतं ते ठिकाण, आणि ते बाकीच्या नेटवर्कला जोडलेलं असतं.

गडबड कुठं झाली ते बघा. विंडोजमधे ॲक्टिव्ह अवर्स म्हणून असतं, त्या वेळेत ते आपोआप रीस्टार्ट होत नाही, पण ते जास्तीत जास्त १८ तासच देता येतात. विंडोजला वाटतं जगात प्रत्येक ऑफिसला निदान ६ तास तरी झोप असते. हंगामातल्या काट्याला ती नसते. म्हणून काट्याची मशीन बाकीच्या ऑफिसच्या शेड्युलमधनं पूर्ण बाहेर काढा, त्यांचा वेगळा ग्रुप करा, आणि त्या ग्रुपला डाउनलोड आपोआप पण इन्स्टॉल आणि रीस्टार्ट माणसाच्या हातानं असं ठेवा.

मग हंगामात महिन्यातनं एकदा, पाळी बदलताना, भरलेल्या गाड्यांच्या काट्याचं मशीन एका दिवशी आणि रिकाम्या गाड्यांच्या काट्याचं दुसऱ्या दिवशी, दोन्ही एकदम कधीच नाही. आधी शेतकी खात्याला सांगा म्हणजे तेवढा वेळ ते गाड्या यार्डातच धरून ठेवतील. शेजारी एक तयार मशीन काट्याचं सॉफ्टवेअर घालून आणि काट्याची केबल लावून बघून ठेवा, नुसतं घालून नव्हे, लावून बघून, कारण ऐन वेळी कळतं की नवीन मशीनला सिरियल पोर्टच नाही. विंडोजचं मोठं व्हर्जन बदलणं वगैरे जड कामं हंगाम संपल्यावर, दुरुस्तीच्या दिवसांत, तेव्हा सगळा कारखाना उघडून पडलेला असतो त्यात तुमचंही एक मशीन. आणि मशीन अजून विंडोज १० वर असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा हा प्रश्न शेड्युलच्या आधीचा आहे.

प्रश्न : अपडेट आलं की लगेच टाकावं की थांबावं? एका वाक्यात सांगा. (वाचक, पलूस)

उत्तर : एका वाक्यात नाही होणार, दोन तारखा सांगतो. मायक्रोसॉफ्टनं एक पॅच १४ मार्च २०१७ ला दिला होता, आणि त्याच भोकातनं वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला जगभर शिरला. मधे ५९ दिवस होते, ज्यांनी तेवढ्यात टाकला त्यांचं त्या वाटेनं काही बिघडलं नाही. दुसरी तारीख १९ जुलै २०२४, शुक्रवार, आपल्याकडं सकाळचे पावणेदहा वाजायचे होते, क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीचं एक बिघडलेलं अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली, विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहून दिले. तासा-सव्वा तासात त्यांनी ते मागं घेतलं पण अडकलेली मशीन लोकांना एकेक करून हातानं उठवावी लागली. आता ते काही विंडोजचं अपडेट नव्हतं आणि गिऱ्हाइकाच्या शेड्युलमधनंही गेलं नव्हतं, त्यामुळं त्यावरनं 'बघा, अपडेट वाईट' असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. पण सगळ्यांना एकदम दिलं की काय होतं ते त्या दिवशी दिसलं. म्हणून आधी थोड्यांना, मग आठ-दहा दिवसांनी सगळ्यांना. महिना मात्र ओलांडू देऊ नका. डोमेन आणि सर्व्हर काही नसलं तरी प्रो व्हर्जनच्या विंडोजमधे महिन्याचे पॅच ३० दिवसांपर्यंत मागं ठेवायची सोय आहे, तिथं थोड्यांना ० आणि बाकीच्यांना ८ असं लिहिलं तरी काम भागतं.

प्रश्न : नमस्कार, माझी सीए फर्म आहे, ८ कॉम्प्युटर, सर्व्हर वगैरे काही नाही. ब्राउझर, पीडीएफ, झिप असली बारीक सॉफ्टवेअर कायम जुनी राहतात. माणूस ठेवणं परवडत नाही. महिन्यातनं एकदा आपोआप होईल असं काही आहे का? आणि रिटर्नच्या दिवसात नको हं. (वाचक, गावभाग, सांगली)

उत्तर : ताई, ८ मशीनला मोठं टूल घेऊ नका, विकणारे येतील पण घेऊ नका. विंडोजबरोबर विन्गेट नावाची गोष्ट फुकट येते, एका कमांडमधे त्याला माहीत असलेली सगळी सॉफ्टवेअर वरच्या व्हर्जनला नेते. ती टास्क शेड्युलरला लावायची. सिस्टीम खात्यातनं लावली तर नुसतं नाव लिहून ती सापडत नाही, म्हणून ॲडमिन असलेल्या युजरच्या खात्यातनं आणि तो लॉगिन असतानाच लावा. आणि ज्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन तुम्हाला बदलून चालत नाही, म्हणजे डिजिटल सहीच्या टोकनशी वगैरे जोडलेलं, त्याला पिन करून ठेवा म्हणजे ते वगळलं जातं.

तारखेचं म्हणाल तर तुमचं कॅलेंडर बँकेपेक्षा अवघड आहे. जीएसटीआर-१ ची ११ तारीख बहुतेक महिन्यांत पॅच येतात त्याच आठवड्यात पडते आणि ३बी ची २० तारीख त्याच्या पुढच्या आठवड्यात. म्हणून २१ नंतरचा पहिला कामाचा दिवस धरा, दुपारी दीडला, सगळे जेवायला बसल्यावर. जुलैमधे ३१ तारीख डोक्यावर असते तेव्हा विन्गेटचं काम एक महिना सोडून दिलं तरी चालेल, विंडोजचे पॅच मात्र सोडू नका. लॅपटॉपचं एक सांगायचं राहिलं, टास्क शेड्युलरमधे 'चार्जिंगला असेल तरच चालव' अशी खूण आधीच केलेली असते, तुमची आर्टिकलशिपची मुलं बॅटरीवर काम करत असतील तर त्यांच्या मशीनवर ते कधीच चालणार नाही आणि कुणी सांगणारही नाही.

प्रश्न : मिरजेत कॉलेजच्या लॅबमधे ४५ मशीन आहेत. मी रात्री ९ चं शेड्युल लावलंय पण वॉचमन मामा ६ ला मेन स्विच पाडतात. वेक ऑन लॅननं मशीन चालू करून घेता येतील का? मामा ऐकत नाहीत. (वाचक, मिरज)

उत्तर : वेक ऑन लॅन म्हणजे नेटवर्कवरनं एक निरोप पाठवायचा, त्यात त्या मशीनच्या नेटवर्क कार्डचा पत्ता १६ वेळा लिहिलेला असतो, आणि तो ओळखून कार्ड मशीनला उठवतं. पण निरोप ऐकायला त्या कार्डाला थोडी तरी वीज लागते. मेन स्विच पाडल्यावर ऐकणार कोण? स्विचच्या पुढं कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. आणि मामांचं म्हणाल तर शॉर्टसर्किट झालं तर बोलणी त्यांनाच बसणार आहेत, तुम्हाला नाही, मग त्यांनी का ऐकावं?

म्हणून रात्रीचा नाद सोडा. तुमच्या शेड्युलमधे 'वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव' अशी एक खूण असते, ती करा, मग सकाळी मशीन चालू झाल्यावर काम आपोआप होईल. पण नुसती तेवढीच केली तर सकाळी पहिल्या प्रॅक्टिकलला ४५ मशीन एकाच वेळी इंटरनेटवर तुटून पडतील. २०१९ च्या महापुरानंतर मी हे एका ऑफिसात बघितलंय, पाणी यायच्या आधी मशीन वरच्या मजल्यावर नेलेली, बरेच दिवस बंद, आणि मग एका सकाळी सगळी एकदम चालू केली, तर प्रत्येकाला आपलं राहिलेलं आत्ताच उरकायचं, संध्याकाळपर्यंत साधा मेल उघडेना. त्यामुळं स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तासाभरापर्यंतचं कमी-जास्त थांबणं घाला, म्हणजे मशीन पुढंमागं सुरू होतील. आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असलं की शट डाउन करूनसुद्धा विंडोजचा गाभा झोपवून ठेवल्यासारखा राहतो, दुसऱ्या दिवशी तोच उठतो, आणि रीस्टार्टची वाट बघणारं अपडेट आठवडेच्या आठवडे तसंच लटकतं.

त्यातूनही मोठं काही घालायचं असेल, दोन-तीन जीबीचं, तर ते सकाळवर ढकलू नका. टाइमटेबल बघून लॅब रिकामी असलेली एक दुपार धरा, नाहीच मिळाली तर महिन्यातली एक ठरलेली संध्याकाळ मामांकडनं मागून घ्या, त्या दिवशी स्विच ९ ला पाडायचा, आणि तोवर तुम्ही स्वतः लॅबमधे थांबा. तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बोर्डाशेजारी चिकटवा, आणि सुट्टीचा शनिवार नाही ना ते आधी बघा.